लिनक्सवर आवाज गेला, तर ड्रायव्हर शोधायला धावू नका

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित पाठिंबा संपवला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि, इंटेलच्या बाबतीत ढोबळमानाने, आठव्या किंवा त्यापुढच्या पिढीचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे चांगले चालणारे असंख्य लॅपटॉप एका दिवसात ‘जुने’ ठरले. वडोदऱ्यात दांडिया बाजार, वाडी किंवा राजमहाल रोडवरच्या मराठी घरांतही असे लॅपटॉप आहेत. आजी-आजोबा त्यांवर पुण्या-मुंबईच्या नातवंडांशी बोलतात, संध्याकाळी अभंग किंवा नाट्यगीते ऐकतात. यंत्र भंगारात देण्यापेक्षा त्यावर लिनक्स मिंट किंवा उबंटू, म्हणजे विंडोजच्या जागी चालणाऱ्या लिनक्स या मोफत प्रणालीचे एखादे वितरण (तयार संच), टाकावे, असा सल्ला घरातला एखादा जाणता मुलगा देतो आणि तो सल्ला योग्यच असतो. पडदा उजळतो, वायफाय लागते, मराठी टाइप होते आणि मग लक्षात येते, की आवाजच येत नाही.

यानंतर बहुतेक जण विंडोजच्या सवयीने ‘साउंड ड्रायव्हर’ शोधायला लागतात. या लेखाचा मुद्दा एवढाच आहे, की लिनक्सवर हा शोध बहुधा चुकीच्या दाराशी नेतो. ड्रायव्हर बहुतेक वेळा आधीच जागेवर असतो, आणि खरा प्रश्न आवाज नेमका कोणत्या टप्प्यावर अडतो हा असतो.

ड्रायव्हर असतो कुठे?

ड्रायव्हर म्हणजे एखाद्या उपकरणाशी कसे बोलायचे हे संगणकाला शिकवणारा छोटा प्रोग्राम. विंडोजमध्ये तो पुष्कळदा उपकरणाच्या किंवा लॅपटॉपच्या कंपनीकडून वेगळा येतो आणि म्हणूनच तो ‘टाकावा’ लागतो. लिनक्सची रीत वेगळी आहे. तिथे ध्वनीचे जवळजवळ सगळे ड्रायव्हर कर्नलमध्ये, म्हणजे संगणक सुरू होताच यंत्रसामग्रीचा ताबा घेणाऱ्या प्रणालीच्या गाभ्यामध्ये, मॉड्यूल नावाच्या सुट्या भागांच्या रूपाने समाविष्ट असतात. कर्नल समोरचे उपकरण ओळखतो आणि त्याला लागणारे मॉड्यूल आपण होऊन जोडतो.

लॅपटॉपमध्ये वेगळे ‘साउंड कार्ड’ असे आता क्वचितच असते. मुख्य बोर्डावर ध्वनीचा नियंत्रक असतो आणि त्याला कोडेक नावाची चिप जोडलेली असते. आकड्यांच्या रूपातला आवाज स्पीकरला चालेल अशा विजेच्या लहरींत बदलणे आणि माइकमधून आलेल्या लहरींचे आकडे करणे ही कोडेकची कामे. इंटेलने २००४ मध्ये ‘हाय डेफिनिशन ऑडिओ’ नावाचे मानक आणले. पुढची अनेक वर्षे बहुतेक लॅपटॉप याच मानकावर बनले, त्यामुळे ‘एसएनडी एचडीए इंटेल’ हे एकच मॉड्यूल त्यांतल्या बहुतेकांना पुरते. आपल्या यंत्रात इंटेलऐवजी एएमडी कंपनीचा प्रोसेसर असूनही ‘इंटेल’चा ड्रायव्हर दिसला म्हणून दचकू नये. नाव इंटेलचे असले तरी काम सगळ्यांचे करते.

आवाजाचा प्रवास कोणत्या टप्प्यांतून होतो?

शहरातल्या नळाला पाणी येईनासे झाले, तर आजव्याचा तलाव आटला असे कोणी लगेच म्हणत नाही. तलाव, निमेट्याचे शुद्धीकरण केंद्र, वस्तीची टाकी, गल्लीतली वाहिनी आणि घरचा कॉक यांपैकी कुठे पाणी थांबले हे पाहिले जाते. आवाजाच्या बाबतीतही तसेच करावे. सर्वांत खाली यंत्रसामग्री, तिच्यावर कर्नलमधले मॉड्यूल, त्यावर अल्सा, त्यावर साउंड सर्व्हर आणि सर्वांत वर ब्राउझर किंवा गाणी वाजवणारे सॉफ्टवेअर असते.

यांपैकी अल्सा ही कर्नलची ध्वनियंत्रणा आहे. यारोस्लाव किसेला यांनी १९९८ मध्ये तिचे काम सुरू केले आणि डिसेंबर २००३ च्या २.६ या कर्नलपासून ती लिनक्सची मुख्य ध्वनियंत्रणा झाली. साउंड सर्व्हर हा तिच्यावरचा वाटाड्या. ब्राउझरमधले गाणे, व्हिडिओ कॉल आणि सूचनेची टिंग हे सगळे एकाच वेळी वाजू देणे, आणि ते हेडफोनला द्यायचे की स्पीकरला हे ठरवणे त्याच्याकडे असते. लेनार्ट पोटरिंग यांचा पल्सऑडिओ २००७–०८ पासून फेडोरा (लिनक्सचे आणखी एक वितरण) आणि उबंटूमध्ये ही जागा सांभाळत होता. आता विम टायमन्स यांचा पाइपवायर ती घेत आहे. फेडोराने २०२१ मध्ये, उबंटूने २०२२ च्या ऑक्टोबरमधील आवृत्तीत आणि लिनक्स मिंटने २०२४ मधील २२ व्या आवृत्तीत तो स्वीकारला.

हा इतिहास निव्वळ माहिती म्हणून सांगितलेला नाही. जालावर सापडणारे सल्ले या तीन-चार कालखंडांतले असतात आणि ते एकमेकांशी जुळत नाहीत. ‘पल्सऑडिओ काढून टाका, सगळे ठीक होईल’ हा २००९ सालचा उपाय आजच्या मिंटवर केला, तर त्याच्यावर अवलंबून असलेली इतर पॅकेजेसही निघून जाण्याचा धोका असतो. त्यामुळे कोणताही उपाय करण्यापूर्वी तो केव्हाचा आहे हे पाहावे.

खालून वर तपासणी कशी करावी?

आज्ञांची नावे इथे उच्चाराप्रमाणे दिली आहेत. टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीत, ती रोमन लहान अक्षरांत टाकावीत.

सुरुवात ‘एलएसपीसीआय’ या आज्ञेने करावी आणि तिच्यापुढे एक जागा सोडून उणे चिन्ह व ‘के’ हे अक्षर द्यावे. मुख्य बोर्डाला जोडलेल्या उपकरणांची लांबलचक यादी समोर येते. तिच्यात ‘ऑडिओ’ हा शब्द असलेली ओळ शोधावी आणि तिच्याखाली किंचित आत सरकवलेली ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ ही ओळ वाचावी. तिथे मॉड्यूलचे नाव असेल, तर ड्रायव्हर जोडला गेला आहे आणि तो शोधण्याचे काम तिथेच संपते. ऑडिओची ओळच नसेल, तर बायॉसमध्ये, म्हणजे यंत्र सुरू होताना सर्वांत आधी चालणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये, अंगभूत ध्वनी बंद केलेला आहे का ते पाहावे. तो चालू असूनही ओळ दिसत नसेल, तर चिप किंवा बोर्ड नादुरुस्त असण्याची शक्यता मोठी आहे. उपकरणाची ओळ आहे पण ड्रायव्हरची नाही, असे जुन्या यंत्रांवर फारसे घडत नाही.

पुढची आज्ञा ‘एप्ले’, तिच्यापुढे उणे चिन्ह आणि लहान ‘एल’. अल्साला दिसणाऱ्या कार्डांची यादी ती देते आणि इथे पहिला चकवा असतो. एचडीएमआय वाहिनीतून टीव्हीला आवाज देणारा नियंत्रकही या यादीत ‘कार्ड’ म्हणूनच येतो. इंटेलच्या चौथ्या व पाचव्या पिढीच्या, म्हणजे साधारण २०१३ ते २०१५ च्या यंत्रांत तो नियंत्रक वेगळा असल्याने पुष्कळदा त्याला ‘कार्ड शून्य’ हा मान मिळतो आणि खरा स्पीकर ‘कार्ड एक’ होतो. विंडोज ११ ने नाकारलेल्या यंत्रांत या वयाचीही यंत्रे आहेत. अशा वेळी आवाज तयार होत असतो, पण न जोडलेल्या टीव्हीकडे पाठवला जातो. ध्वनीच्या सेटिंगमध्ये जाऊन आउटपुट म्हणून ‘अ‍ॅनालॉग’ किंवा ‘स्पीकर’ निवडले, की काम होते. या एवढ्याशा कारणासाठी दुकानात पैसे मोजून प्रणाली पुन्हा टाकून घेणारे लोक आहेत, याचे वाईट वाटते.

कार्ड यादीत आहे आणि आउटपुटही योग्य आहे, तरी शांतता असेल, तर ‘अल्सामिक्सर’ उघडावा. काळ्या पडद्यावर उभ्या पट्ट्यांची एक रांग दिसते. पहिल्यांदा दिसते ते बहुधा पाइपवायरचे किंवा पल्सऑडिओचे एकच ढोबळ नियंत्रण असते, म्हणून एफ-सहा ही कळ दाबून यादीतून खरे कार्ड निवडावे लागते. लॅपटॉपवर त्यासाठी कधी कधी एफएन कळही सोबत धरावी लागते. मग ‘मास्टर’, ‘हेडफोन’, ‘स्पीकर’, ‘पीसीएम’ अशा पट्ट्या वेगवेगळ्या दिसू लागतात. बहुतेक पट्ट्यांच्या तळाशी एक चौकोन असतो. त्यात दोन शून्ये असतील तर वाट मोकळी आहे, आणि ‘एम एम’ अशी दोन अक्षरे असतील तर ती पट्टी मुकी केलेली आहे. डाव्या-उजव्या बाणाने त्या पट्टीवर जाऊन ‘एम’ दाबले, की शून्ये येतात. वरच्या बाणाने पातळी वाढवावी आणि एस्केपने बाहेर पडावे. डेस्कटॉपच्या कोपऱ्यातला आवाजाचा सरकता दांडा शंभर टक्के दाखवत असताना इथे ‘स्पीकर’ मुका असणे ही अगदी नेहमीची गोष्ट आहे.

याच पडद्यावर उजवीकडे ‘ऑटो म्यूट मोड’ नावाचा पर्याय असतो. हेडफोन लावला की स्पीकर आपोआप बंद करणे हे त्याचे काम. पावसाळ्यातल्या दमट हवेने किंवा धुळीने हेडफोनचे छिद्र खराब झाले, तर काहीही न लावताही यंत्राला हेडफोन लावल्याचा भास होतो आणि स्पीकर गप्प राहतो. हेडफोनची पिन दोन-चार वेळा आतबाहेर करावी. फरक पडला नाही, तर हा पर्याय बंद करून पाहावा.

आता चाचणी. ‘स्पीकर टेस्ट’ ही आज्ञा दोन शब्दांच्या मध्ये उणे चिन्ह देऊन लिहावी आणि तिला दोन वाहिन्यांचा (उणे चिन्ह, ‘सी’ आणि २) व ‘वेव्ह’ नमुन्याचा (उणे चिन्ह, ‘टी’ आणि ‘डब्ल्यू-ए-व्ही’) पर्याय द्यावा. डावीकडून आणि उजवीकडून आळीपाळीने इंग्रजी बोल ऐकू येतात. चाचणीसाठी आवडीचे जुने गाणे लावण्याचा मोह आवरावा. बडोदे दरबारचे गवई उस्ताद फैयाज खाँ यांची ध्वनिमुद्रणे हा या शहराचा अभिमान खरा, पण त्यांतली बरीचशी ७८ आरपीएमच्या तबकड्यांवरची, एकाच वाहिनीची आणि खरखरीसकट आलेली आहेत. खरखर तबकडीची की कार्डाची, आणि डावा स्पीकर मेला आहे की जिवंत, यांपैकी काहीच त्यांवरून कळत नाही.

‘डमी आउटपुट’ म्हणजे काय?

ध्वनीच्या सेटिंगमध्ये स्पीकरच्या जागी ‘डमी आउटपुट’ असे नाव दिसले, की लोक घाबरतात. त्याचा अर्थ इतकाच, की साउंड सर्व्हरला हाताशी एकही कार्ड मिळाले नाही आणि सॉफ्टवेअर अडून बसू नये म्हणून त्याने एक खोटे कार्ड उभे केले. दोष सर्व्हरच्या खाली आहे की सर्व्हरमध्येच, हे ‘एप्ले’च्या यादीवरून कळते. यादीत कार्ड असेल, तर सर्व्हर गोंधळला आहे. संगणक पुन्हा सुरू करावा, किंवा पाइपवायर आणि त्याचा सोबती वायरप्लंबर या सेवा ‘सिस्टीम सीटीएल’ आज्ञेला ‘यूजर’ हा पर्याय देऊन पुन्हा सुरू कराव्यात. हे काम प्रशासकाच्या अधिकाराने, म्हणजे ‘सूडो’ लावून, करू नये, कारण या सेवा त्या-त्या वापरकर्त्याच्या नावाने चालतात.

यादीही रिकामी असेल, तर मात्र कर्नलचे म्हणणे ऐकावे लागते. ‘सूडो’सह ‘डीमेसेज’ (अक्षरे डी-एम-ई-एस-जी) ही आज्ञा दिली, की कर्नलने सुरू होताना केलेल्या नोंदी दिसतात. त्यांत ‘एसएनडी’ किंवा ‘एसओएफ’ ही अक्षरे असलेल्या ओळी पाहाव्यात. साधारण २०१९ नंतरच्या अनेक इंटेल लॅपटॉपांत अंगभूत माइक थेट ध्वनीच्या स्वतंत्र प्रोसेसरला जोडलेले असतात आणि त्या प्रोसेसरला आपले फर्मवेअर लागते. फर्मवेअर म्हणजे ड्रायव्हर नव्हे. ते उपकरणाच्या आत चालणारे सॉफ्टवेअर, ड्रायव्हर ते फाइलमधून उचलून उपकरणात भरतो. ‘साउंड ओपन फर्मवेअर’ हे त्याचे नाव आणि एसओएफ हा त्याचा संक्षेप. नोंदीत फर्मवेअर मागितल्याचा उल्लेख आणि शेवटी ‘उणे दोन’ हा आकडा दिसला, तर त्याचा अर्थ फाइल सापडली नाही. डेबियन या वितरणात ती ‘फर्मवेअर एसओएफ साइन्ड’ या पॅकेजात आणि फेडोरात ‘अल्सा एसओएफ फर्मवेअर’ या पॅकेजात मिळते. पॅकेज टाकून यंत्र पुन्हा सुरू केले, की कार्ड प्रकट होते.

जालावर यासाठी आणखी एक उपाय दिलेला असतो. ‘डीएसपी ड्रायव्हर’ या पर्यायाला एक हा आकडा देऊन कर्नलला जुन्या ‘हाय डेफिनिशन ऑडिओ’च्या (एचडीए) पद्धतीने चालायला लावावे, असा तो उपाय. त्याने स्पीकर पुष्कळदा बोलू लागतो, पण त्या स्वतंत्र प्रोसेसरला जोडलेला अंगभूत माइक त्याबरोबर जातो. रोज व्हिडिओ कॉल करणाऱ्या घरात हा सौदा परवडणारा नाही.

‘विंडोजमध्ये आवाज येत होता, मग दोष लिनक्सचाच ना?’

हा आक्षेप रास्त आहे आणि त्याचे उत्तर लॅपटॉप बनवण्याच्या पद्धतीत आहे. कोडेक चिपला अनेक पिना असतात. कोणती पिन स्पीकरला, कोणती हेडफोनला आणि कोणती कशालाच जोडलेली नाही, हे चिपला स्वतःहून कळत नाही. ही माहिती बायॉसने द्यायची असते. कंपन्या ती कधी अर्धवट, कधी चुकीची भरतात आणि चूक आपल्या विंडोज ड्रायव्हरमध्ये परस्पर सुधारून घेतात. ग्राहकाला त्याचा पत्ताही लागत नाही. लिनक्सच्या कर्नलमध्ये मग त्या-त्या मॉडेलसाठी दुरुस्तीची नोंद करावी लागते आणि रिअलटेक या चिप बनवणाऱ्या कंपनीच्या कोडेकांसाठी अशा नोंदींची फार मोठी यादी कर्नलमध्ये साठलेली आहे. आपले मॉडेल यादीत नसेल, तर हेडफोन चालतो पण स्पीकर नाही, असली विचित्र लक्षणे दिसतात. नव्या, महागड्या लॅपटॉपांत स्पीकरसाठी स्वतंत्र ‘स्मार्ट’ अँप्लिफायर चिपा आल्यापासून हे लक्षण आणखी वाढले आहे. तेव्हा दोष कोणाचा, हे सरळ सांगता येत नाही. माझ्या मते, माहिती उघड न करणाऱ्या कंपनीकडे त्यातला मोठा वाटा जातो.

विंडोज आणि लिनक्स एकाच यंत्रावर ठेवणाऱ्यांना एक वेगळाच अनुभव येतो. विंडोजमधून ‘रीस्टार्ट’ करून थेट लिनक्समध्ये आले, की आवाज नसतो, आणि यंत्र पूर्ण बंद करून सुरू केले, की असतो. विंडोज कोडेकला ज्या अवस्थेत सोडून जाते, त्या अवस्थेतून तो नीट जागा होत नाही. विंडोजचे ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करावे आणि प्रणाली बदलताना यंत्र पूर्ण बंद करावे.

‘रिअलटेकचा ड्रायव्हर उतरवून टाकला तर?’

टाकू नये. त्या नावाने जालावर जी जुनी पॅकेजेस फिरतात, ती त्या वेळच्या कर्नलसाठी बनलेली असतात आणि आजच्या कर्नलमधला ड्रायव्हर त्यांच्या पुष्कळ पुढे गेलेला असतो. नवीन यंत्राला नवा ड्रायव्हर हवा असेल, तर लिनक्समध्ये त्याचा अर्थ नवा कर्नल असा होतो. मिंटच्या अपडेट मॅनेजरमध्ये ‘व्ह्यू’ या यादीखाली कर्नल निवडण्याची सोय आहे. उलट, कालपर्यंत असलेला आवाज अपडेटनंतर गेला असेल, तर यंत्र सुरू होतानाच्या ग्रब यादीत ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये जाऊन मागचा कर्नल निवडावा. आवाज परत आला, तर दोषी कोण ते कळले. पुढची दुरुस्ती येईपर्यंत तोच कर्नल वापरायला हरकत नाही.

प्रणाली मुळापासून पुन्हा टाकण्याने क्वचितच काही साधते, कारण तोच कर्नल आणि तेच फर्मवेअर पुन्हा येते. त्यापेक्षा दुसऱ्या किंवा नव्या वितरणाचा लाइव्ह, म्हणजे ज्यावरून प्रणाली थेट सुरू होते असा, पेन ड्राइव्ह लावून, काहीही न टाकता, आवाज येतो का ते पाहावे. खरे तर हे पहिल्याच दिवशी, विंडोज पुसण्यापूर्वी करायला हवे.

फक्त ब्लूटूथवरच आवाज भिकार येत असेल तर?

हा बिघाड नाही, त्यामुळे यावर वेळ घालवू नये. ब्लूटूथ हेडफोन गाण्यासाठी एक पद्धत वापरतो आणि माइक सुरू होताच बोलण्यासाठीची दुसरी, हलक्या प्रतीची पद्धत धरतो. कॉलसाठी लॅपटॉपचा माइक निवडला, की हेडफोन चांगल्या पद्धतीवर राहतो.

एवढे करूनही शांतताच असेल तर?

‘अल्सा इन्फो’ नावाची एक स्क्रिप्ट असते. ती चालवली, की कार्ड, कोडेक, पिनांच्या नोंदी आणि मिक्सरची स्थिती यांचा एकत्र अहवाल तयार होतो. आपल्या वितरणाकडे किंवा कर्नलच्या ध्वनिविकासकांकडे तक्रार नोंदवताना हाच अहवाल मागितला जातो, कारण दुरुस्तीच्या यादीत नवे मॉडेल घालायला लागणारी माहिती त्यात असते. ‘आवाज येत नाही, मदत करा’ एवढ्यावर कोणी काही करू शकत नाही.

ती दुरुस्ती पुढच्या एखाद्या कर्नलमध्ये येईपर्यंत काम अडू नये, म्हणून यूएसबीला लावायचे छोटे ध्वनी-अ‍ॅडाप्टर मिळते. ते काहीशे रुपयांत येते. यूएसबी ऑडिओचे एक सामाईक मानक आहे आणि ते पाळणाऱ्या उपकरणांसाठी लागणारे मॉड्यूल लिनक्समध्ये आधीपासून असते, त्यामुळे असे अ‍ॅडाप्टर लावताच यादीत नवे कार्ड म्हणून दिसते. घेताना माइकचीही सोय आहे ना हे पाहावे आणि शक्य असल्यास दुकानातच लॅपटॉपला लावून ‘स्पीकर टेस्ट’ चालवून घ्यावी.